प्रेशर नॉर्मल आहे

ब्लडप्रेशर मोजायचं मशीन विकत घ्यावं असं माझ्या मनात आलं तेव्हा मला ब्लडप्रेशर नव्हतं. म्हणजे असेलही, पण आमची ओळख झालेली नव्हती. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो होतो खोकल्याच्या गोळ्या आणायला. तिथे काउंटरवर खोक्यांची उतरंड रचलेली आणि वर पाटी, 'एकावर एक फुकट'. जगात काही माणसं अशी असतात की त्यांना ही पाटी वाचूनही पुढे जाता येतं. मी त्यांतला नाही. गोळ्या विसरून मी मशीन घेऊन घरी आलो, आणि खोकला आपला आपण बरा झाला. (हा त्या मशीनचा एकमेव गुण. पुढे सरकारदरबारी सांगायचा राहून गेला.)

शिवाय खोक्यावर शिक्के होते. माझी उभी हयात एका कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. आलेल्या कागदावर 'आवक' आणि गेलेल्या कागदावर 'जावक' असा शिक्का मारायचा, एवढं माझं काम. (कागदात काय लिहिलंय ते वाचायचं काम दुसऱ्या विभागाकडे होतं. तो विभाग कुठे बसतो हे मला निवृत्त होईपर्यंत समजलं नाही.) त्यामुळे शिक्का दिसला की माझा विश्वास बसतो. या खोक्यावर प्रयोगशाळेत तपासल्याचा शिक्का होता, हृदयरोगतज्ज्ञांनी पसंत केल्याचा होता, आणि एक सोनेरी शिक्का असा होता की त्यात नुसताच गरुड होता. गरुडाचा आणि ब्लडप्रेशरचा काय संबंध, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण गरुड दिसायला जबाबदार होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

घरी बायकोनं विचारलं, दोन मशीनं कशाला आणलीत? मी म्हटलं, असू दे, अडीअडचणीला उपयोगी पडेल. आणि अडीअडचण लगेच आली. लेकीला मुलगा झाला.

लेक राहते दुसऱ्या गावी, बसनं निम्म्या दिवसाच्या वाटेवर. बायको तिच्याकडे निघाली ती बाळ मान धरेपर्यंत म्हणून. बॅग भरताना तिनं एक मशीन त्यात टाकलं आणि ठरवून दिलं की रोज संध्याकाळी दोघांनी आपापलं प्रेशर बघायचं आणि फोनवर एकमेकांना सांगायचं. बसच्या पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "तुमचं वाढलं तर लपवू नका. मी असेन तशी निघून येईन."

बाळानं मान धरली. मग बायको म्हणाली, पालथं पडू दे. बाळ पालथं पडलं. मग म्हणाली, बसू दे. तेवढ्यात लेक परत कामावर रुजू झाली, म्हणून दात येऊ देत असं ठरलं. बाळाची प्रगती झपाट्यानं चालली होती आणि बायकोच्या परतीची तारीख बाळाच्या पुढे पुढे रांगत होती.

इकडे घरात मी आणि मीच. बायको गावाला गेली की माणूस मोकळा होतो, असं कचेरीतले लोक म्हणायचे. (त्यांतल्या एकाचीही बायको कधी कुठे गेलेली नव्हती.) सुरुवातीला मीही मोकळा होऊन बघितलं. ओला टॉवेल पलंगावर टाकला. वर्तमानपत्र जेवणाच्या टेबलावर पसरलं. टॉवेल तिथेच राहिला, वर्तमानपत्रही तिथेच राहिलं. 'उचला ते' म्हणणारं कुणी नसलं की पसाऱ्यातही काही राम उरत नाही. शेवटी मीच मला दोन शब्द सुनावले आणि टॉवेल वाळत घातला.

चहा मी दोन कप करायचो. सवयच होती हाताला. दुसरा कप समोरच्या खुर्चीपुढे ठेवायचो, थोडा वेळ वाट बघायचो आणि मग तोही मीच प्यायचो, गार झालेला. दारावर विमावाला आला तर त्याला आग्रहानं आत घ्यायचो. एकाला मी निवृत्तीच्या दिवसापासून मागे जात जात माझ्या शाळेपर्यंत सगळं सांगितलं. त्यानं स्वतःच घड्याळ बघितलं, 'काका, अजून चार घरं करायचीत' असं म्हणून पाय काढता घेतला आणि पॉलिसीचं नावही काढलं नाही. विमावाला माझ्या तावडीतून सुटून पळाला, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दिवसभरात बोलणं म्हणजे संध्याकाळचा फोन.

"किती आलं?" ती विचारायची.

"एकशेवीस-अठ्ठ्याहत्तर. तुझं?"

"माझंही तेवढंच. बरं ठेवते, बाळ उठलं."

आणि फोन बंद. म्हणजे आमचा सगळा संसार एका भागाकारावर येऊन ठेपला होता. मशीन कधी एकशेवीस-अठ्ठ्याहत्तर म्हणायचं, कधी एकशेअठरा-शहात्तर, आणि फारच खुशीत असलं तर एकशेबावीस-ऐंशी. माझी प्रकृती इतकी चांगली होती की तिच्याविषयी बोलण्यासारखं काही उरतच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, 'मला करमत नाही, तू ये' असं सरळ सांगायला काय झालं होतं? वाक्य काही अवघड नाही. पण आमच्या घरात अशी वाक्यं बोलायची पद्धत नाही. आमच्याकडे एकानं 'आज भाजीत मीठ कमी आहे' म्हणायचं आणि दुसऱ्यानं ओळखायचं की याचं काहीतरी बिनसलंय. फोनवर भाजी नव्हती. लेक म्हणायची, बाबा तुम्हीच या ना इकडे. पण बायको तसं म्हणत नव्हती. ती म्हणायची, घराकडे लक्ष ठेवा. म्हणून मी घराकडे लक्ष ठेवत होतो. घर कुठेही जात नव्हतं.

एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर मला बसच्या पायरीवरचं तिचं बोलणं आठवलं. प्रेशर वाढलं तर ती असेल तशी निघून येणार होती. म्हणजे सगळा प्रश्न दहा-वीस आकड्यांचा होता. खोटंच सांगून टाकावं, तर ते मला जमत नाही. खोटं बोलण्याआधी मी घसा खाकरतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलेलं आहे. तेव्हा प्रेशर खरोखर वाढवणं भाग होतं, आणि मी कामाला लागलो.

आधी मिठावर भर दिला. खारे शेंगदाणे आणले, लोणच्याची बरणी संपवली. टीव्हीवर चार माणसं एकाच वेळी ओरडतात तो कार्यक्रम पुढे सरकून बघितला. जिना दोनदा चढलो-उतरलो. मशीन म्हणे एकशेवीस-अठ्ठ्याहत्तर. मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरांशी भांडायला गेलो. त्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या खिडकीवर ठिबकतं, हे कारण मी कधीचं राखून ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, चूक झाली, उद्यापासून नाही पडणार. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी तणतणत खाली आलो, दंडाला पट्टा बांधला, तर एकशेअठरा-शहात्तर. दोन-दोन आकडे उलट उतरलेच होते.

माझी प्रकृतीच माझ्या मुळावर उठली होती. आरशात बघून मी स्वतःला म्हणालो, लेका, एवढ्या वर्षांत तुला एक गोष्ट धड करता आली नाही, साधं आजारी पडायचं म्हटलं तर तेही जमेना.

अशा मनःस्थितीत एक दिवस मी पाव आणायला बाहेर पडलो तर औषधाच्या दुकानासमोर सरकारी गाडी उभी आणि भोवती ही गर्दी. औषध खात्यानं छापा घातला होता. खोटी लेबलं लावलेल्या आणि बिघडलेल्या वस्तू दुकानात असल्याची तक्रार होती, त्यामुळे सगळा माल बघून जप्त करायचा होता. दारात एक इन्स्पेक्टर बाई उभ्या होत्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या, आवाज मात्र आमच्या जुन्या साहेबांचा. त्या म्हणाल्या, पंच म्हणून दोन प्रतिष्ठित नागरिक पाहिजेत.

पंच म्हणजे जप्ती होताना बाजूला बसून सगळं डोळ्यांनी बघायचं आणि शेवटी सही करायची. लोक या कामाला फार घाबरतात. 'पंच' हा शब्द कानावर पडताच गर्दी अशी पांगली की मला वाटलं पाऊस आला. लोकांचं म्हणणं असं की त्यात अख्खा दिवस जातो आणि पुढे कोर्टात बोलावतात. पण मला तर नेमकं हेच हवं होतं. दिवस जायला हवा होता, आणि कुणीतरी बोलवायला हवं होतं. मी हात वर केला. दुसरे पंच शेजारचे इस्त्रीवाले झाले, कारण इस्त्री तापलेली असल्यामुळे त्यांना पळता आलं नाही.

बाईंनी विचारलं, "काका, तुमचा या दुकानाशी काही संबंध? इथून काही घेतलंय कधी?"

खरं सांगितलं तर खुर्ची जाणार, हे मला दिसत होतं. खुर्ची चांगली होती, पंखा वर होता आणि आजूबाजूला बोलती माणसं होती. मी घसा खाकरला आणि 'नाही' म्हणालो. (बाईंना माझ्या घशाची माहिती नव्हती.)

मग जी दुपार सुरू झाली ती गेल्या कित्येक महिन्यांतली माझी सर्वांत सुखाची दुपार. बाई एकेक वस्तू हातात घेऊन सांगत होत्या, त्यांचे कारकून लिहीत होते, आणि मी व इस्त्रीवाले माना डोलावत होतो. केस उगवायचं तेल निघालं, त्यात रंग आणि पाणी. ताप मोजायची कांडी निघाली, ती भिंतीला लावली तरी ताप दाखवत होती. वजनाचा एक काटा होता, तो प्रत्येकाचं वजन थोडं कमी दाखवायचा. त्याच्यामुळेच दुकानाला एवढी गिऱ्हाइकी होती हे तेव्हा उघड झालं. कारकुनांची लिहिण्याची पद्धत बघून मी त्यांना शिक्का कुठे मारला म्हणजे शाई फुटत नाही ते दाखवलं, आणि त्यांनी ते ऐकलं. मग चहा आला. बाईंनी विचारलं, काका, साखर चालते ना तुम्हाला? हा प्रश्न मला कुणी विचारला त्याला किती दिवस झाले असतील ते मला सांगता येईना.

आणि तेवढ्यात गरुड बाहेर आला.

खोकी एकावर एक रचली गेली, तीच ती, सगळ्या शिक्क्यांची. बाईंनी एक मशीन उघडलं आणि म्हणाल्या, पंचांनी नीट बघावं. टेबलावर पाण्याची भरलेली बाटली होती. त्यांनी पट्टा बाटलीला गुंडाळला आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, पट्टा फुगला, ओसरला, आणि आकडे आले. एकशेवीस-अठ्ठ्याहत्तर, ठोके बहात्तर. बाटलीची प्रकृती उत्तम होती. मग त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिला पट्टा बांधला. एकशेअठरा-शहात्तर.

मास्तरांशी भांडून आलो त्या संध्याकाळचे आकडे. मी खुर्चीतून उठलोच.

"अहो, हे तर माझं प्रेशर आहे."

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. कारकुनांनी तेवढंही लिहून टाकलं, मग बाईंनी त्यांना ते खोडायला लावलं. मला सगळं सांगावं लागलं. घेतलेली दोन मशीनं, खोकल्याच्या गोळ्या, घसा, सगळं. बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. ज्याची फसवणूक झाली तो माणूस पंच होऊ शकत नाही, पंच तटस्थ लागतो. आता हा पंचनामा रद्द, नवा पंच आणायचा आणि तेलाच्या पहिल्या बाटलीपासून पुन्हा सगळं मोजायचं. इस्त्रीवाल्यांच्या दुकानापुढे एव्हाना गिऱ्हाइकं कपड्यांची गाठोडी घेऊन उभी होती. ते मला काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांच्याकडून आलेल्या माझ्या एकाही शर्टाची कॉलर सरळ नव्हती. नवे पंच म्हणून मास्तरांना आणलं. मास्तर कशालाच नाही म्हणत नाहीत.

मला मात्र त्यांनी तसंच घालवलं नाही. पथकाबरोबर एक डॉक्टर होते आणि तुलनेसाठी आणलेलं एक खरं, पाऱ्याचं यंत्र होतं. डॉक्टरांनी माझा दंड धरला. एकशेसाठ-शंभर.

"काका, हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मी हसायला लागलो. डॉक्टरांना वाटलं प्रेशर डोक्यात गेलं. त्यांना काय माहीत, ज्या आकड्यासाठी मी लोणच्याची बरणी रिकामी केली तो आकडा मला आता सरकारी डॉक्टरांच्या हातून, सहीनिशी मिळत होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, चांगल्या मशीनचं नाव लिहून दिलं आणि सावकाश चाला म्हणून सांगितलं. खात्याचा एक माणूस बरोबर येऊन घरातलं माझं मशीन पुरावा म्हणून घेऊन गेला. तो गेल्याबरोबर मी फोनकडे धावलो.

निम्मे आकडे फिरवून झाले आणि माझा हात थांबला. मला तिचं रोजचं वाक्य ऐकू आलं, 'माझंही तेवढंच.'

तिच्याकडेही गरुडच होता. इतके महिने ती पण मला बाटलीचेच आकडे सांगत होती. आणि माझ्यासारखी ती रिकामी बसलेली नव्हती. बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होती, स्वयंपाक करत होती, जिने चढत होती. तिची आई याच दुखण्यानं बसल्या जागी गेली होती, दुपारी, भाजी निवडता निवडता. मला भीती वाटली. आयुष्यात मी साहेबांना घाबरलो, कुत्र्यांना घाबरलो, पण त्या दिवशी हातात फोन घेऊन मी जसा घाबरलो तसा कधी घाबरलेलो नाही. मी इतके दिवस माझं प्रेशर वाढवायच्या मागे होतो, आणि तिचं किती असेल हे मनातसुद्धा आणलं नव्हतं.

फोनवर सांगून उपयोग नव्हता. मला काय धाड भरलीय, असं म्हणून तिनं विषय संपवला असता. संध्याकाळी तिचाच फोन आला. किती आलं? मी म्हटलं, आज मशीन नाही. (हे खरं होतं, त्यामुळे घसा साफ राहिला.) ती म्हणाली, "बरं. माझं एकशेवीस-अठ्ठ्याहत्तर." एरवी हे ऐकून मी जेवायला बसायचो. त्या दिवशी मला घास गेला नाही.

सकाळी डॉक्टरांनी लिहून दिलेलं मशीन बसस्टँडसमोरच्या दुकानातून घेतलं आणि पहिली बस पकडली. इतके दिवस जे मला जमत नव्हतं ते किती सोपं होतं. तिकीट काढायचं आणि बसायचं. जेवणाच्या वेळेला मी लेकीच्या दारात होतो. दार बायकोनंच उघडलं, कडेवर नातू. नातवाला सगळे 'गोळा' म्हणतात आणि ते अगदी योग्य आहे. मला बघून ती म्हणाली, "अहो, तुम्ही? कुलूप नीट लावलंत ना?"

मी चहासुद्धा घेतला नाही. तिला खुर्चीत बसवलं आणि पट्टा बांधला. ती विचारत होती, काय झालंय तुम्हाला, मी नुसता आकड्यांकडे बघत होतो. एकशेअठरा-शहात्तर. माझा विश्वास बसेना. दुसऱ्या हाताला बांधला, पुन्हा तेच. पाण्याची बाटली मागवून तिला पट्टा बांधला तर मशीननं चूक दाखवली आणि गप्प बसलं. म्हणजे मशीन खरं होतं आणि बायको ठणठणीत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी बसमधल्या धुळीवर ढकललं.

मग तिला छाप्याची सगळी हकीकत सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते मशीन होय? ते मी इथे आल्या आल्याच बाळाच्या अंघोळीच्या बादलीत पाडलं. तेव्हापासून बंदच आहे."

"मग रोज आकडे सांगायचीस ते?"

"तुम्ही सांगायचात तेच मी सांगायचे. काल तुम्ही काही सांगितलं नाहीत, म्हणून परवाचाच सांगितला."

एकदाही तिनं घसा खाकरला नव्हता. आणि वर तिला माझाच राग आला होता.

"आणि तुम्ही तरी काय हो," ती हळू आवाजात म्हणाली. "मी रोज फोन करायचे, म्हटलं आज तरी वाढलं असेल. तुमचं आपलं रोज नॉर्मल. बॅग भरून ठेवलीय मी पलंगाखाली."

"कशाला?"

"घरी यायला. लेकीला कुठल्या तोंडानं सांगू की मला कंटाळा आला, मी जाते? तिला वाईट वाटणार. तुमचं वाढलंय म्हटलं असतं तर मला कुणी अडवलं नसतं."

म्हणजे इतके महिने फोनच्या दोन टोकांना आम्ही दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत होतो, आणि मध्ये तो गरुड बसला होता. तिलाही घरी यायचं होतं. मला इतका आनंद झाला की गोळ्याची पापी घेतली आणि त्यानं माझा चष्मा ओढून काढला तरी मी हसत होतो. मी खिशातून डॉक्टरांचा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, हे घे, एकशेसाठ-शंभर, सहीशिक्क्यासकट. चल आता.

तिनं कागद दोनदा वाचला. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

संध्याकाळी लेक आणि जावई कामावरून आल्यावर तिनं तो कागद सगळ्यांसमोर ठेवला. म्हणाली, बाबांचं प्रेशर वाढलंय. लेकीचा चेहरा उतरला. मी डोळ्यांनीच तिला धीर देत होतो, की काळजी करू नकोस, तुझी आई येतेय माझ्याबरोबर.

लेक म्हणाली, "बाबा, आता तुम्ही तिकडे एकटं राहायचं नाही. समोरच्या इमारतीतच डॉक्टर आहेत. तुम्ही इथेच राहा."

"मी तेच म्हणणार होते," बायको म्हणाली. "त्यांना प्रवास नकोच. पण घर असं किती दिवस बंद ठेवायचं? मी जाते घराकडे बघायला. बाळाला सांभाळायला काय, आता बाबा आहेतच."

दुसऱ्या दिवशी ती गेली. पलंगाखालून बॅग काढायला मीच मदत केली.

आता दिवसभर मी आणि गोळा. तो बोलत नाही, आणि मी बोलायला लागलो की झोपतो. (विमावाल्याला निदान जाता येत होतं.) लेक-जावई रात्री दमून येतात, 'बाबा, बरं वाटतंय ना' विचारतात आणि उत्तराच्या आधी जेवायला बसतात. वाईट नाहीत बिचारी, दमलेली असतात. संध्याकाळी घरून फोन येतो. किती आलं, ती विचारते. मी सांगतो, एकशेपन्नास-पंच्याण्णव. ती म्हणते, अजून वाढलेलंच आहे, मग इतक्यात प्रवास नको. परवा मी धीर करून विचारलं, तुला करमतं का गं एकटीला? पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला आशा वाटली. मग म्हणाली, "काय शांत आहे हो घर. आपल्या घरात एवढी शांतता आहे हे मला माहीतच नव्हतं."

मीठ मी सोडलं आहे. टीव्हीवरची ओरडणारी माणसं बंद केली आहेत. समोरचे डॉक्टर म्हणतात तसा डोळे मिटून हळू हळू श्वास घेतो, आणि गोळा माझ्या नाकात बोट घालतो. पण खरं मशीन माणुसकी बघत नाही. ते रोज खरं सांगतं, मी ते रोज फोनवर सांगतो, आणि रोज माझं जाणं पुढे ढकललं जातं.

शेवटी काल दुपारी मी औषध खात्यात फोन केला. इन्स्पेक्टर बाईंनी मला आवाजावरून ओळखलं. पंचनामा दोनदा लिहायला लावणारे ते तुम्हीच ना, म्हणाल्या. मी विचारलं, जप्तीत नेलेलं माझं मशीन परत मिळेल का?

"काका, ते खोटं आहे हे माहितेय ना तुम्हाला?"

"माहितेय."

"मग कशाला हवंय?"

"मला घरी जायचंय," मी म्हणालो. हे वाक्य पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं, आणि निघालं ते एका सरकारी खात्यापुढे.

बाईंचा साहेबी आवाज जरा खाली आला. मग त्यांनी समजावून सांगितलं की जप्त केलेला माल खटल्याचा निकाल लागेपर्यंत कुणालाही देता येत नाही. पण खटल्यात माझी साक्ष होणार आहे, तेव्हा कोर्टाचं समन्स आलं की मला तिकडे जावंच लागेल, प्रेशर कितीही असो. मी विचारलं, कधी येईल समन्स? त्या म्हणाल्या, पाच-सहा वर्षं धरून चाला.

मी म्हटलं, चालेल. फक्त ते माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवा. बायकोच्या हातात पडू दे, म्हणजे निदान तिला कळेल की मला तिकडे कुणीतरी बोलावलंय.